गुरुवारच्या लिलावाआधी

वाचकाचं पत्र

माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. जे. जे.मधून उपयोजित कला शिकला, अमेरिकेत एम.एस. केलं आणि सॅन होजेला एका कंपनीत डिझायनर होता. गेल्या वर्षी नोकरी गेली. व्हिसाने दिलेल्या साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तेव्हा त्याने घर रिकामं केलं, सामान तिथल्या एका सेल्फ स्टोरेजच्या खोलीत भरून कुलूप लावलं आणि पार्ल्याला आमच्याकडे आला. दोन-तीन महिन्यांत परत जाईन म्हणाला होता, अजून इथेच आहे. त्या खोलीचं भाडं महिना २२० डॉलर, कार्डावरून आपोआप जायचं. मग कार्डाची मुदत संपली. तिथला मोबाइल नंबर बंद, म्हणून बँकेचा ओटीपीही येईना. तीन महिने भाडं गेलं नाही आणि त्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही. परवा त्याच्या तिथल्या मित्राने लिंक पाठवली. लिलावाच्या साइटवर त्याच्या खोलीचा फोटो होता, गुरुवारी बोली बंद होणार. फोटोत खोक्यांच्या मागे माझ्या वडिलांची खिळ्यांची केस दिसते, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं ठेवायचा खान्यांचा लाकडी ट्रे. वडील गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होते, हे खिळे हाताने जुळवायचे, आणि नातवाने हौसेने त्यांची एक लहान केस आणि खिळे जुळवायची स्टिक सोबत नेली होती. त्याची मूळ प्रमाणपत्रंही तिथेच आहेत. कंपनी ८५० डॉलर मागते आहे. आमचे हे म्हणतात, जुनी गादी आणि टेबल सोडवायला पाऊण लाख कोण घालतं, जाऊ दे. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. लिलाव थांबवता येईल का? त्याच्या पुढच्या व्हिसाला अडचण येईल का? आमची सोसायटीही रिडेव्हलपमेंटला जाते आहे, आमचंही सामान असंच कुठेतरी ठेवावं लागेल. आता त्याचीही धास्ती वाटते.

– अ. क., विलेपार्ले (पूर्व)

उत्तर

ताई,

तुमचं पत्र आणि सोबतची नोटीस शुक्रवारी दुपारी मिळाली. बोली गुरुवारी बंद होते आहे, म्हणून सदराच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता आजच लिहिते.

लिलाव थांबवता येतो. सामान प्रत्यक्ष विकलं जाईपर्यंत थकलेलं भाडं आणि वाजवी खर्च भरून ते सोडवून घ्यायचा हक्क कॅलिफोर्नियाच्या कायद्याने तुमच्या मुलाला दिलेला आहे. अशा साइटवर लागलेल्या कितीतरी खोल्या शेवटच्या दिवसांत यादीतून निघून जातात, कारण भाडेकरूने पैसे भरलेले असतात. फोटो लागला म्हणजे सामान गेलं असं समजू नका. ते आत्ता या क्षणी तुमच्या मुलाचंच आहे.

आज रात्रीच फोन करा. तिकडची उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा मुंबईत साडेनऊ वाजले की सॅन होजेत सकाळचे नऊ होतात, हिवाळ्यात आपल्याकडे साडेदहा. फोन मुलानेच करायचा. करार त्याच्या नावाचा आहे, ऑफिसमधला माणूस दुसऱ्या कुणाशी हिशेब बोलणार नाही. तुम्ही दोघं शेजारी बसा हवं तर, पण बोलू द्या त्यालाच.

फोनवर त्याने पहिल्यांदा पैशांची फोड मागायची. भाडं २२० डॉलर, तीन महिन्यांचे झाले ६६०. कॅलिफोर्नियात उशिराच्या दंडाला मर्यादा आहे: भाडं १०० डॉलरच्या वर असेल तर प्रत्येक चुकलेल्या भाड्यामागे २० डॉलर किंवा भाड्याचे १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. तुमच्या बाबतीत ३३ डॉलर, तीनदा म्हणजे ९९. दोन्ही मिळून ७५९. कंपनी ८५० मागते आहे, तर वरचे ९१ कशाचे, हे तिने सांगायला हवं. नोटीस, जाहिरात, कुलूप कापणं असे वाजवी खर्च ती लावू शकते. पण आकडा विचारल्याशिवाय कुणी उलगडून दाखवत नाही. दुसरं, पैसे कोणत्या मार्गाने आणि किती वाजेपर्यंत घेणार. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: पैसे मिळाल्यावर ‘या खोलीचा लिलाव रद्द केला’ अशी ईमेल लगेच पाठवणार का. ती ईमेल येईपर्यंत आणि साइटवरून खोली दिसेनाशी होईपर्यंत फोन खाली ठेवला तरी काम संपलं असं मानू नका. थोडे पैसे आत्ता, बाकीचे नंतर असं ठरत असेल, तर तेवढ्याने लिलाव थांबतो हेही लेखी घ्या. अर्धे पैसे भरूनही लिलाव झाला, असं या व्यवहारात होऊ शकतं.

पैसे बँकेतून वायर ट्रान्सफरने पाठवू नका, त्यात दिवस जातात. तुमचं किंवा यजमानांचं क्रेडिट कार्ड चालेल, मात्र त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपली नवी कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या व्यवहारांपुरती चालू असतात, आणि ऐन वेळी कार्ड नाकारलं गेलं की माणूस गांगरतो. त्याहून सोपं म्हणजे ज्या मित्राने लिंक पाठवली त्यालाच ऑफिसात जाऊन पैसे भरायला सांगणं. तुम्ही त्याला नंतर परत कराल. ज्याने न विचारता लिंक पाठवली, तो एवढं करेल.

आता थोडं माझं सांगते, कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी फार वेळ थांबले. ‘त्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही.’

मी एका बँकेच्या वसुली विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. सोनेतारणाच्या लिलावाच्या नोटिसा माझ्या सहीने जायच्या. लिलावाच्या दिवसापेक्षा त्याचा दुसरा दिवस मला नको व्हायचा, कारण त्या दिवशी काउंटरला कुणीतरी पैसे घेऊन उभं असायचं. एकदा एक बाई ठाण्याहून आल्या. रक्कम पुरती होती, रुमालात बांधलेली. पाटल्या आदल्या दिवशी गेल्या होत्या. मी विचारलं, नोटीस मिळाली नव्हती का? मिळाली होती. तीन आठवडे त्यांनी ती उशीच्या अभ्र्यात ठेवली होती, सुनेच्या दृष्टीस पडू नये म्हणून. शेवटी भावाला सांगितलं, त्याने त्याच दिवशी पैसे काढून दिले. भावाकडे पैसे होते, बाईंकडे तीन आठवडे होते. मधे फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

लिलाव हा शब्दच आपल्याकडे असा आहे. घरावर दवंडी पिटल्यासारखा ऐकू येतो. नोकरी गेली हे मुलगा पार्ल्यातल्या घरात येऊन सांगू शकला, पण खोलीचं भाडं थकलं हे सांगू शकला नाही, कारण नोकरी कंपनीने घालवली होती आणि हे आपल्या हातून झालं, असं त्याला वाटत असणार. त्याला आत्ता ‘आधी का नाही सांगितलंस’ विचारू नका. त्याचं उत्तर गुरुवारनंतरही मिळेल. त्याच्या खोलीत जा, ही फोड त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, चल, फोन लावू.

कायद्याचं म्हणाल तर तिकडे सेल्फ स्टोरेजसाठी वेगळे कायदे आहेत, जवळजवळ प्रत्येक राज्याचा आपला. कॅलिफोर्नियात भाडं चौदा दिवस थकलं की पहिली नोटीस निघू शकते. तिच्यात पैसे भरायला किमान चौदा दिवस द्यावे लागतात. ते गेले की भाडेकरूला खोलीत जायची बंदी होते आणि दुसरी नोटीस येते, तिच्यात लिलावाची तारीख असते, तीही किमान चौदा दिवस पुढची. मग जाहिरात. म्हणजे पहिलं भाडं चुकल्यापासून लिलावापर्यंत दीड महिना तरी जातो. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीवरच्या तारखा मी जुळवून पाहिल्या, त्यांत मला खोट दिसली नाही. तेव्हा ‘नोटीस मिळालीच नाही’ यावर भांडण्यात उरलेले दिवस घालवू नका. करारात दिलेल्या ईमेलवर आणि शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर त्यांनी पाठवली, ती त्या पत्त्यावर पोचून पडून राहिली.

याच करारात एक जागा असते, ती बहुतेक लोक कोरी सोडतात. कॅलिफोर्नियाचा कायदा कंपनीला सांगतो की, नोटीस पाठवण्यासाठी आणखी एका व्यक्तीचं नाव आणि पत्ता भाडेकरूकडे मागा. तिथे तुमचा पार्ल्याचा पत्ता असता, तर पहिलीच नोटीस तुमच्या हातात आली असती. मुलाला दोष द्यायला हे लिहीत नाही. खाली रिडेव्हलपमेंटबद्दल बोलायचं आहे, तिथे ही कोरी जागा पुन्हा येणार आहे.

नोटिशीच्या शेवटी एक फॉर्म जोडलेला आहे, लिलावाला हरकत घेण्याचा. तो सही करून वेळेत परत दिला तर कंपनीला परस्पर लिलाव करता येत नाही, न्यायालयात जावं लागतं. हा फॉर्म भरून वेळ मारून न्यावी, असा सल्ला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. तो फॉर्म खोटं लिहिलं तर शिक्षेची तयारी ठेवून करायच्या शपथेचा आहे, आणि ज्याच्याकडे कंपनीचं खरोखर काही येणं नाही त्याच्यासाठी आहे. तुमच्या मुलाचं भाडं खरंच थकलं आहे. आत्ता त्याच्या नावावर फक्त थकबाकी आहे आणि तो दिवाणी मामला आहे. भाडं थकवणं हा गुन्हा नाही, तेवढ्यावरून व्हिसाची भीती बाळगू नका. खोटी शपथ केली तर मात्र ती भीती खरी ठरेल. थकबाकीने एक त्रास होऊ शकतो: लिलावात पैसे कमी आले आणि उरलेली रक्कम वसुलीवाल्या एजन्सीकडे गेली, तर ती नोंद तिकडच्या क्रेडिट अहवालात सात वर्षांपर्यंत राहू शकते. पुन्हा गेल्यावर घर भाड्याने घेताना ती आडवी येईल. फोन करायचं हे आणखी एक कारण.

आता तुमचे यजमान म्हणतात ते. त्यांचं निम्मं बरोबर आहे. गादी, टेबल, स्वयंपाकाची भांडी यांसाठी पाऊण लाख घालणं शहाणपणाचं नाही. पण ते पैसे गादीसाठी जातच नाहीत. कागद घ्या आणि त्या खोलीतल्या ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत तेवढ्याच लिहा. प्रमाणपत्रं यादीत येतील, तरी वरच्या ओळीला नको. शपथपत्र, अर्ज, चकरा करून विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मिळते. त्रास आहे, पण मिळते. वडिलांची केस मिळत नाही. ती ज्या हातांनी भरली ते हात गेले, तसे खिळे पाडणाऱ्या फौंड्रीही गेल्या. निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांनी ज्या मुंबईत मराठी छपाईला वळण लावलं, त्याच मुंबईत, गिरगावच्या परिसरात तुमचे वडील उभ्याने अक्षरं जुळवत होते. त्याची घरात उरलेली खूण एवढीच असेल, तर पाऊण लाख हा तिचा भाव होत नाही. आणि पाऊण लाख भरावेच लागतील असंही नाही.

हे नीट ऐका, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. लिलाव करणाऱ्याला सामानात रस नसतो, त्याला खोली रिकामी करून दुसऱ्याला द्यायची असते. लिलावातून बऱ्याचदा थकलेलं भाडंही पुरतं निघत नाही. म्हणून मुलाने फोड ऐकून घेतल्यावर शांतपणे विचारायचं: मी आज पैसे भरतो आणि आठ दिवसांत खोली सोडतो, तर दंड किती कमी कराल? ‘आज’ आणि ‘खोली सोडतो’ हे दोन्ही शब्द म्हणायचे. नाही म्हणाले तर पूर्ण भरायचे. पण विचारल्याशिवाय भरायचे नाहीत.

आणि खोली खरंच सोडायची. ती आणखी ठेवली तर महिन्याला २२० डॉलर चालूच राहतील आणि चार महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. मित्राला आत जाता यावं म्हणून मुलाने ऑफिसला त्याच्या नावाचं अधिकारपत्र ईमेलने द्यावं. फोटो काढण्यासाठी जुनं कुलूप कापलेलं असणार, म्हणून मित्राने नवं कुलूप सोबत न्यावं. फर्निचर देणगीत द्यावं, तिकडे घरून उचलून नेणाऱ्या संस्था असतात, किंवा कुणा नव्या विद्यार्थ्याला देऊन टाकावं. बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या त्या भागात, आपली माणसं कमी नाहीत, महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीत कुणाला तरी टेबल लागतंच. मित्राच्या गॅरेजमध्ये दोन खोकी उरली पाहिजेत, फार तर तीन.

हे लिलाव चालतात कसे, तेही सांगते, म्हणजे फोटो बघून जीव घाबरायचा नाही. खोलीचं दार उघडून दारातूनच फोटो काढतात. खोकी उघडायची नाहीत, आत पाय टाकायचा नाही. बोली लावणाऱ्यालाही तेवढंच दिसतं आणि तेवढ्यावरच तो अख्ख्या खोलीची बोली लावतो. जिंकला की पैसे भरतो, खोली साफ करून देण्याची अनामत ठेवतो आणि दोन-तीन दिवसांत सगळं उचलून नेतो. हे लोक बहुतेक जुनं सामान विकून पोट भरणारे असतात, त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. फोटोत छापखान्याची केस दिसली की मात्र त्यांची नजर तिथेच जाते. तिकडे जुन्या केस भिंतीवर टांगायला लोक हौसेने विकत घेतात. लाकडाला गिऱ्हाईक असतं, आतल्या मराठी खिळ्यांचं त्याला काय करायचं? शिसं म्हणून भंगारात जातील. म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बोली अखेरच्या मिनिटांत वर जाते, आणि तिथले घड्याळाचे आकडे बघत मुंबईत जागरण करण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

समजा उशीर झालाच आणि खोली विकली गेली. तरी दोन गोष्टी करायच्या. त्याच दिवशी कंपनीला ईमेल: कागदपत्रं, फोटो आणि छपाईचं साहित्य खरेदीदाराने परत द्यावं, योग्य ती किंमत देऊ, आमचा निरोप त्याला पोचवा. अशा विक्रीच्या अटींत कागदपत्रं आणि फोटो ऑफिसात परत आणून द्यावेत असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या माणसाची मालकी कायदा तिकडे शाबूत ठेवतो, म्हणून हक्काच्या भाषेत लिहू नका. हे आजोबांचं आहे, एवढं साध्या शब्दांत लिहा. त्या ईमेलला केसचा आधीचा एखादा फोटो जोडा, नाहीतर त्याला कळणारच नाही कशाबद्दल चाललंय. दुसरं, विक्रीचा हिशेब मागा. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन जे उरतं ते पैसे तुमच्या मुलाचे असतात. एका वर्षाच्या आत ते कंपनीकडून मागता येतात, त्यानंतर ते काउंटीच्या तिजोरीत जातात. बहुतेक लोक मागतच नाहीत. उरतं ते थोडं असेल, पण त्याचं आहे.

आता तुमच्या सोसायटीचं.

कॅलिफोर्नियासारखा सेल्फ स्टोरेजचा खास कायदा आपल्याकडे नाही. सामान दुसऱ्याच्या ताब्यात ठेवलं तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मधल्या निक्षेपाच्या तरतुदी लागू होतात. कलम १५१ म्हणतं, ठेवून घेणाऱ्याने समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. थकबाकीसाठी सामान अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मोजक्यांनाच देतं: बँका, अडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी, विमा दलाल. या यादीत गोदामवाला नाही. त्याला तो हक्क हवा असेल तर साधारणपणे करारात स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. आणि अडवून ठेवणं वेगळं, विकणं वेगळं. विकण्याचा अधिकारही तो बहुतेक वेळा करारातूनच मिळवतो. म्हणून मुंबईत सगळी मदार त्या चार पानांच्या करारावर असते, आणि ती पानं आपण टेम्पो खाली उभा असताना, हमाल घाई करत असताना सही करतो.

तसं करू नका. आठ दिवस आधी करार घरी मागवा. त्यात ‘लिलाव’, ‘विक्री’ किंवा ‘विल्हेवाट’ हा शब्द कुठे आहे ते शोधा आणि तेवढा परिच्छेद तीनदा वाचा. किती दिवस भाडं थकल्यावर विकणार? नोटीस कुठे पाठवणार? विकून उरलेले पैसे कुणाला? याची उत्तरं नसतील तर पेनाने लिहून घ्या: तीस दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टने आणि ईमेलने, आणि मुलाच्या किंवा बहिणीच्या नंबरवरही. ती कोरी जागा हीच. दुसऱ्या माणसाचं नाव भरल्याशिवाय सही नाही. ‘बॉक्स ११ नग’ असली पावती घेऊ नका. प्रत्येक खोक्याचा उघडा फोटो आणि आत काय ते लिहून त्यांच्याकडून ईमेलवर मान्य करून घ्या. खोली तळमजल्यावर असेल तर नको म्हणा. २६ जुलै पाहिलेल्या पार्लेकरांना याचं कारण सांगायला नको.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर तुम्हाला पर्यायी जागेचं भाडं आणि सामान हलवायचा खर्च देतो. तो वेळेवर देतो तोवर सगळं ठीक. माझ्या बहिणीच्या सोसायटीत चौदा महिन्यांनी भाड्याचे चेक थांबले. मग घरोघर एकच झालं: राहत्या घराचं भाडं लोकांनी खिशातून भरलं, आणि गोदामाचं पुढच्या महिन्यावर टाकलं, मग त्याच्या पुढच्या. तुमच्या मुलाचं कार्ड बंद पडलं, इथे बिल्डरचा चेक बंद पडतो. पुढची वाट तीच. म्हणून गोदामाचं भाडं बिल्डरच्या पैशांवर लावू नका, तेवढं एका वेगळ्या खात्यातून जाऊ द्या आणि सहा महिन्यांचे पैसे आधीच त्यात ठेवा. बिल्डरसोबतच्या करारनाम्यात सामान ठेवण्याचा खर्च वेगळा मिळावा, हेही सर्वसाधारण सभेत मांडून पाहा.

इथे यजमानांचा हिशेब वापरा, तो इथे नेमका लागू पडतो. समजा महिना ३,००० रुपये आणि बांधकाम तीन वर्षं. १,०८,०००. वर १८ टक्के जीएसटी धरला तर सव्वा लाखाच्या पुढे. तेवढ्यात जुना सोफा, दिवाण आणि शोकेस पुन्हा नवी येतात. जायच्या आधी त्या द्या, विका. गोदामात ठेवायचं ते थोडं ठेवा. देवघरातले टाक, घराचे कागद, फोटोंचे अल्बम भाड्याच्या घरात नाहीतर जवळच्या माणसाकडे राहू द्या, जागा कितीही अडली तरी.

गोदामवाल्याशी पुढे वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून बघा.

पण हे सगळं पुढचं. आधी गुरुवार.

पैसे भरून झाले की मित्राला एक गोष्ट बजावून सांगा. केस उचलण्याआधी तिचा वरून फोटो काढायचा, प्रत्येक खाना दिसेल असा. मराठीच्या केसला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खाने, काने-मात्रा वेगळ्या, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी. ती तिरकी झाली की सगळे खिळे एकमेकांत मिसळतात, आणि कोणता खिळा कुठल्या खान्यातला हे सांगायला तुमचे वडील आता नाहीत. वर जाड पुठ्ठा ठेवून चारी बाजूंनी पट्टी मारायची आणि गाडीत आडवीच ठेवायची. कुणी मुंबईला येणारं असेल तर चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या थरात येऊ शकेल, फक्त शिशाचं वजन आधी करून घ्या. खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती कोरड्या ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि नंतर हात साबणाने धुवा. तोवर, वडिलांच्या केसमध्ये ‘क’ कुठे आणि ‘श्र’ कुठे असायचा यातलं जे काही तुम्हाला आठवतं, ते आज फोन झाल्यावर मुलासोबत बसून कागदावर काढून ठेवा.